बत्तीस बोरच्या रिव्हॉल्व्हरसाठी घरी काडतुसं भरावीत का?

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो:

"सर, वडील गेल्यावर त्यांचं कानपूरचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर आलं. काडतूस शंभराच्या वर गेलंय आणि दुकानात असेलच याची खात्री नसते. शिवाय गोळीला जोर वाटत नाही. आमचे दाजी अमेरिकेत टेक्सासला असतात. ते घरीच पुंगळ्या (काडतुसाची रिकामी पितळी खोकी) पुन्हा भरतात आणि नेहमीच्यापेक्षा कितीतरी वेगाची गोळी बनवतात. त्यांच्याकडे मॅग्नम (जास्त ताकदीच्या काडतुसाची बंदूक) आहे. ते म्हणतात, पावडर हळू जळणारी घेतली की वेग मिळतो, एच-११० घे, नाहीतर युनिक. अशी पावडर आपल्याकडे कुठं मिळेल? तेरखेड्याच्या फटाक्यांच्या दारूवर भागेल का? दोन-चार काडतुसं फोडून त्यातली पावडर एकात जास्त भरली तर? आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीच्या दारूचा एक जुना डबा आणि बार पेटवणाऱ्या टोप्यांची डबी आखाड्यावर (शेतातल्या घरी) पडून आहे, तिचा काही उपयोग होईल का? दिवाळीला दाजी येणार आहेत, तेव्हा लवकर कळवावं. रानडुकरांनी हरभरा उभा राहू दिला नाही, आणि मला नेमबाजीचीही आवड आहे."

दादा, सगळ्यात शेवटी विचारलेल्या डब्याचं आधी सांगतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आठ दिवस थांबली तरी चालतील, त्याचं थांबणार नाही.

तो डबा उघडू नका. हलवून आत किती आहे ते बघू नका. गंजलेलं झाकण फिरवताना होणारं घर्षणही काळ्या दारूला पुरू शकतं. दारू ओली झाली म्हणजे मेली, असं गावाकडं सर्रास मानतात. ते खरं नाही. ओल धरलेली काळी दारू वाळली की पुन्हा पेटते. टोप्या तर दारूपेक्षा वाईट, त्या ठोक्यानं उडण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि जुनी डबी खाली पडायला निमित्त लागत नाही. आखाड्यावर सालगड्याची लेकरं खेळत असतील तर आजच त्या खोलीला कुलूप लावा. तिथं चूल, विडी, मोटारीचा स्टार्टर काही नको. मग आजोबांच्या परवान्याचे जे कागद सापडतील ते घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि लेखी कळवा. जिल्ह्याला बॉम्बशोधक व नाशक पथक असतं, असा माल उचलणं हे त्यांचं काम आहे. स्वतः गाडीत घालून ठाण्यात नेऊ नका आणि विहिरीतही टाकू नका. आपणच अडकू या भीतीनं लोक असे डबे वर्षानुवर्षं दडवून ठेवतात. वकिलाला सोबत न्या, पण कळवा. स्वतःहून कळवलेला डबा आणि धाडीत सापडलेला डबा यांच्यात फार अंतर आहे.

आता मुख्य प्रश्न. घरी काडतुसं भरू नका, पावडर शोधू नका. कारणं दोन आहेत. कायद्याचं आधी उरकून घेतो, कारण दुसऱ्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

तुमचा परवाना शस्त्र आणि काडतुसं बाळगण्याचा आहे. काडतूस तयार करणं हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात वेगळं कलम आहे, कलम ५, आणि त्याला वेगळा परवाना लागतो. याच कायद्याच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, ती तयार काडतुसावर थांबत नाही. बंदुकीत भरायचा बार, काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रसामग्री, सगळं तिच्यात येतं. म्हणजे दाजींच्या गॅरेजमधल्या टेबलावर असतो तसा काडतुसं भरायचा दांड्याचा प्रेस तुमच्या घरी आला, तर पावडरीचा कण नसतानाही तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागेल. विनापरवाना निर्मितीला कलम २५ खाली पूर्वी ३ ते ७ वर्षांची शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली. पावडर हा स्फोटक पदार्थही आहे, त्याला १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि २००८ चे नियम लागतात, आणि त्यांची अंमलबजावणी करणारी केंद्राची संस्था नागपुरात बसते. त्यातून तुम्ही बीड जिल्ह्यातले. २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या शस्त्र परवान्यांची कशी छाननी झाली आणि परवाने कसे रद्द झाले, हे तुम्ही माझ्याहून जवळून पाहिलं असेल. वडिलांनी जपलेला परवाना अशा गोष्टीपायी घालवू नका. मनात शंका उरलीच तर ज्यांनी परवाना दिला त्या जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. दुकानदाराचं तोंडी "चालतं हो" कोर्टात चालत नाही.

दाजींवर माझा काही आक्षेप नाही. त्यांच्याकडे स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही. विकायची झाली तर लागतो. पावडर दुकानात पौंडाच्या डब्यांत मिळते आणि घरात किती ठेवायची याला अग्निसुरक्षेच्या मर्यादा असतात. करोनापासून तिथंही अनेकदा फळ्या रिकाम्या राहिल्या, म्हणून लोक मिळेल ती पावडर घेऊन तिच्यावर काम भागवायला बघतात. दाजींचा सल्ला त्यांच्या बंदुकीपुरता बरोबर आहे. तुमच्यासाठी तो घातक का आहे, हे कळायला पावडर काय करते ते थोडं समजून घ्यावं लागेल. तुम्हाला नेमबाजीची आवड आहे म्हणता, म्हणून सविस्तर सांगतो.

आजच्या काडतुसात काळी दारू नसते, बिनधुराची पावडर असते. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञानं ती प्रथम वापरण्याजोगी केली. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज. काही जातींत सोबत नायट्रोग्लिसरीनही असतं, तिला डबल बेस म्हणतात. कापसापासून निघणाऱ्या या पदार्थाचे बारीक चपटे तुकडे, गोळ्या किंवा नळकांडी करतात. कणाचा आकार, जाडी आणि त्यावर दिलेला लेप यांवर ती किती झपाट्यानं जळणार हे ठरतं. चुलीत तुराट्या घातल्या की भडका उठतो आणि लगेच बसतो, बाभळीचं लाकूड तेवढीच उष्णता सावकाश देतं. तसंच इथं. बुल्सआय, टाइटग्रुप या झटकन जळणाऱ्या जाती, युनिक मधली, २४०० आणि एच-११० सावकाश जळणाऱ्या. सावकाश जळणारी पावडर गोळीला नळीत जास्त वेळ ढकलत राहते, म्हणून मोठ्या पुंगळीच्या मॅग्नममध्ये तिच्यामुळे वेग मिळतो. दाजी म्हणतात ते एवढंच.

पण चुलीत आणि पुंगळीत एक मोठा फरक आहे. बंद जागेत दाब वाढला की पावडर आणखी वेगानं जळते, वेगानं जळली की दाब आणखी वाढतो. हे चक्र एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतं. त्यामुळे थोडी जास्त पावडर म्हणजे थोडा जास्त दाब असा सरळ हिशेब नसतो. एका मर्यादेपर्यंत सगळं गुमान चालतं आणि तिथून पुढे दाब एकदम चढतो. उलट बाजूही आहे. एच-११० ला पुरेसा दाब मिळाला नाही तर ती धड जळतच नाही, म्हणून ती कमी भरू नका असा इशारा खुद्द बनवणारेच देतात. लहान पुंगळीत, कमी दाबाच्या काडतुसात ती अर्धवट जळून गोळी नळीत अडकू शकते. बार फुसका गेला असं समजून दुसरा झाडला की दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. पिस्तुलाच्या पावडरींत आणखी एक अडचण आहे. झटकन जळणाऱ्या जातीचा योग्य बार पुष्कळदा पुंगळीच्या अर्ध्यालाही येत नाही. चुकून दोनदा भरला तरी पुंगळीत मावतो आणि वरून गोळी बसली की बाहेरून काहीच कळत नाही. अमेरिकेत हातानं भरणाऱ्यांच्या हातात बंदुका फुटतात, त्यातल्या कितीतरी अशाच.

म्हणून तिथली जाणती माणसं पावडर निवडताना वेगाचा आकडा शेवटी बघतात. आधी पावडर बनवणाऱ्या कंपनीनं छापलेल्या तक्त्यात आपलं काडतूस, आपलंच गोळीचं वजन आणि तीच पावडर आहे का ते पाहतात. नसेल तर ती पावडर त्या काडतुसासाठी नाहीच असं धरतात. ते तक्ते दाब मोजणाऱ्या खास नळ्यांवर, सेन्सर लावून तयार केलेले असतात. दाजींकडे वेग मोजायचं यंत्र असेल, पण दाब मोजायचं नसणार. वेगावरून दाब कळत नाही. जळण्याच्या क्रमानं लावलेल्या पावडरींच्या याद्याही फिरत असतात. त्यांत शेजारी शेजारी असलेल्या दोन पावडरी एकमेकींच्या जागी वापरता येतात असा अर्थ कुणी काढू नये.

आता तुमचं रिव्हॉल्व्हर. आपल्याकडे बत्तीस बोर म्हणतात त्यात दोन वेगळी काडतुसं येतात, पिस्तुलाचं एसीपी आणि रिव्हॉल्व्हरचं स्मिथ अँड वेसन लाँग. तुमचं दुसरं. १८९६ चं हे काडतूस कमी दाबाचं आहे. अमेरिकेतल्या उद्योगाच्या मानकात त्याला १५,००० पौंड प्रति चौरस इंच ही कमाल मर्यादा आहे. दाजींच्या .३५७ मॅग्नमला ३५,००० आहे. कानपूरचं रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या घडणीवरून आलेलं, वरून मोडून उघडणारं. म्हणजे त्याचा सांगाडा एकसंध नाही, बिजागरी आणि वरची कडी मिळून बाराचा धक्का धरतात. सहा खणांच्या चक्रीला बाहेरून ज्या खाचा असतात, तिथं धातू सगळ्यात पातळ असतो. त्या कमी दाबासाठी ही घडण उत्तम आहे. तिच्याकडून मॅग्नमची अपेक्षा करता येत नाही.

ज्यांना याच जाडीच्या गोळीला वेग हवाच होता, त्यांनी काय केलं तेही सांगण्यासारखं आहे. त्यांनी पुंगळीची लांबी वाढवली आणि बंदूक नव्यानं, जास्त मजबूत घडवली. .३२७ फेडरल मॅग्नम हे त्याच घराण्यातलं आजचं काडतूस ४५,००० पौंड दाबाचं आहे, तुमच्या काडतुसाच्या तिप्पट. १९३५ मध्ये .३८ स्पेशलवरून .३५७ मॅग्नम काढली तेव्हाही पुंगळी मुद्दाम थोडी लांब ठेवली, कशासाठी, तर ती चुकूनही जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. वाढीव वेगाचं काडतूस चुकीच्या चक्रीत शिरू नये म्हणून कारखान्यांनी जे दार बंद केलं, ते आपण घरी बसून उघडायचं का?

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. दाब जास्त झाल्याच्या खुणा पुंगळीवर दिसतात, प्रायमर (पुंगळीच्या बुडातली पेटवणारी टोपी) चपटा होतो, पुंगळी अडकते, असं व्हिडिओत सांगतात. या खुणा दिसतात त्या जास्त दाबाच्या काडतुसांत. तुमच्या कमी दाबाच्या काडतुसात त्या दिसेपर्यंत दाब तुमच्या रिव्हॉल्व्हरची मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेला असतो. पुंगळी तुम्हाला वेळेत सावध करणार नाही.

काडतुसं फोडून पावडर एकात जास्त भरण्याबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर यातच आलं. तरी एक सांगायलाच हवं. कारखान्याच्या काडतुसात सहसा डब्यात विकली जाणारी पावडर नसते. कारखाने मोठ्या लॉटमध्ये पावडर घेतात, लॉट बदलला की तिचं जळणं थोडं बदलतं, आणि ते दाब मोजून दर लॉटला बार नव्यानं ठरवतात. तुमच्या काडतुसाच्या बुडाशी 'केएफ' अशी अक्षरं असतील तर ते खडकीचं. आज एका पेटीत आहे ती पावडर पुढच्या पेटीत तशीच असेल असं नाही. नुसतं बघून, चिमटीत घेऊन पावडर ओळखता येत नाही, पन्नास वर्षं या कामात घालवलेल्या माणसालाही नाही. बहुतेक सगळ्या पावडरी ग्राफाइटच्या मुलाम्यानं सारख्याच करड्या-काळ्या चमकतात.

तेरखेड्याबद्दल. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव फटाक्यांसाठी सगळ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे, तिथल्या माणसांच्या हातात कसब आहे आणि त्या कसबाची किंमत त्यांनी स्फोटांत माणसं गमावून मोजलेली आहे. तुम्ही दारू मागायला गेलात तर तुमच्याबरोबर देणाराही अडकेल, त्याचा परवाना फटाके बनवण्याचा आहे. आणि फटाक्यातली दारू बंदुकीची नव्हे. काळी दारू असेल तर तिची ताकद कमी आणि जळल्यावर अर्ध्याहून जास्त वजन काजळी आणि क्षार बनून मागं राहतं, ते ओल धरतं आणि नळी खातं. आणि सुतळी बॉम्बसारख्या आवाजाच्या फटाक्यात ॲल्युमिनियमची जी पांढुरकी, चंदेरी दारू असते, तिचा एक बार तुमची चक्री फोडायला पुरेल. ती ढकलत नाही, क्षणात सगळा दाब सोडते. विहिरीच्या कामावरच्या जिलेटिनच्या कांडीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण या विषयात कुणीतरी ते सुचवतंच, म्हणून सांगतो की तो प्रकार याहूनही पलीकडचा आहे. तिथं पदार्थ जळत नाही, फुटतो.

आपल्या उन्हाचंही सांगतो. पावडरीचं तापमान वाढलं की दाब वाढतो. दाजी डिसेंबरात जो बार बसवतील तो मे महिन्यात परभणीच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या काडतुसात तसाच वागेल असं मानू नका. कारखाने ही तफावत धरूनच मर्यादेच्या आत थांबतात. नायट्रोसेल्युलोज उष्णतेनं हळूहळू विघटितही होतं. ते रोखायला त्यात स्थिर ठेवणारं रसायन घालतात, पण सततच्या उष्णतेत ते लवकर संपतं. तेव्हा तुमच्याकडे आत्ता असलेली काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत, कुलपात ठेवा. जुनं माळवद असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही. कातडी पट्ट्यात महिनोन्‌महिने खोचून ठेवलेल्या काडतुसाच्या पितळेवर हिरवा थर चढतो. आणि रिव्हॉल्व्हरला तेल लावल्यावर ते पुसून मगच काडतुसं भरा. पातळ तेल प्रायमरच्या फटीतून आत झिरपतं आणि बार लागत नाही. जोर वाटत नाही अशी तुमची तक्रार आहे ना, तिच्या मुळाशी वडिलांच्या काळातली, उन्हातान्हात पडलेली काडतुसं असण्याची शक्यता मला मोठी वाटते. पेटीवरचं वर्ष बघा. फार जुनी असतील तर झाडू नका, परवानाधारक विक्रेत्याला दाखवून जमा करायचं विचारा. नवी घ्या, एकाच लॉटची घ्या, पावत्या आणि रिकाम्या पुंगळ्या हिशेबानं ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी हाच हिशेब कामी येतो. आणि एकदा चांगल्या आर्मररकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, चक्री आणि कडी तपासून घ्या, कडी सैल झाली असेल तर साधं काडतूसही त्या रिव्हॉल्व्हरमध्ये झाडू नये.

तुम्हाला वेग कशासाठी हवा, हे मी पत्रात पुन्हा पुन्हा शोधलं. रानडुकरांसाठी असेल तर आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर त्या कामाचं नाही, काडतूस कुठलंही असो. जखमी डुक्कर तुरीत शिरलं तर सकाळी कापणीला जाणाऱ्या बायांवर संकट. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन विभागाच्या परवानगीशिवाय त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. हरभऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच द्या, उशीर झाला की पंचनामा अडतो.

घराच्या रक्षणासाठी असेल तर वेगवान गोळी भिंतीपलीकडे जाते. पत्र्याच्या, चार इंची विटेच्या भिंतीपलीकडे तुमचीच माणसं झोपलेली असतात.

आणि नेमबाजीसाठी असेल तर मला मनापासून आनंद आहे, कारण तिथं तुम्हाला वेगाची गरजच नाही. २५ मीटरच्या सेंटर फायर स्पर्धेत जगभरचे नेमबाज तुमच्याच काडतुसाचा, स्मिथ अँड वेसन लाँगचा, सपाट तोंडाच्या गोळीचा मंद अवतार वापरत आले आहेत. मॅग्नमला तिथं मनाईच आहे. .२२ बोरमध्येही निशाण्याचं काडतूस ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तुलात, .२२ वर. विजय कुमार यांचं २०१२ चं लंडनचं रौप्यही .२२ वरच. मनू भाकर यांनी २०२४ मध्ये पॅरिसला जी दोन कांस्यपदकं घेतली, त्यांत तर पावडरीचा कणही नव्हता, ती एअर पिस्तुलाची होती.

तुम्हीही तिथून सुरुवात करा. .१७७ बोरचं, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीचं एअर पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. दहा मीटरची मोकळी जागा, मागं भक्कम आडोसा आणि कागदी निशाणा एवढ्यावर घरी सराव होतो, छर्रा रुपया-दोन रुपयांत पडतो. एका काडतुसाच्या पैशांत संध्याकाळभर नेम धरता येईल, आणि ट्रिगर कसा दाबायचा हे हाताला जे कळायचं ते तिथंच कळतं. मग जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनचं सदस्यत्व घ्या, राज्याच्या स्पर्धेला उतरा. नॅशनल रायफल असोसिएशनकडे नोंद असलेल्या, ठराविक गुण मिळवलेल्या नेमबाजांना शस्त्र नियमांत जास्त काडतुसांची आणि ती आयात करण्याची सोय आहे. काडतुसं महाग आणि दुर्मीळ आहेत या तुमच्या तक्रारीवर कायद्यातला रस्ता हाच आहे. तो लांबचा आहे हे मी मान्य करतो. स्पर्धेच्या गुणांशिवाय काही मिळत नाही आणि मराठवाड्यातल्या मुलांना चांगल्या रेंजसाठी अजून पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं. हे बदलायला हवं, आणि अंबाजोगाईसारख्या ठिकाणी नेमबाज वाढले तरच बदलेल.

राहिले दाजी. त्यांना आजच फोन करून सांगा की येताना यातलं काहीही आणू नका. पावडर आणि प्रायमर विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत, हातातल्याही नाही आणि चेक-इनच्याही नाही. शोभेसाठी म्हणून किल्लीला लावलेली पुंगळी, बॅगेच्या कप्प्यात रेंजवरून विसरून राहिलेलं एखादं काडतूस, यावरून आपल्या विमानतळांवर माणसं ताब्यात घेतली गेली आहेत आणि पुढं वर्षानुवर्षं तारखांना फिरली आहेत. रेंजवर नेतात ती बॅग प्रवासाला वापरूच नका म्हणावं. वापरायचीच असेल तर निघण्याआधी ती उलटी करून, प्रत्येक कप्पा झटकून बघायला सांगा.